यंत्राचं तोंड, नळीचं तोंड

घरच्या सुतारकामाच्या खोलीत डस्ट कलेक्टर आणला की भुशाचा प्रश्न मिटला, असं बहुतेकांना वाटतं. तो आणणं सोपं असतं. करवतीला, थिकनेसरला, सँडरला तो जोडायचा कसा, ही खरी अडचण. करवतीच्या मागचं तोंड एका मापाचं, सँडरचं दुसऱ्याच, राउटरचं तिसऱ्या, आणि सोबत आलेली नळी यांतल्या एकालाही नीट बसत नाही. मग चिकटपट्टी येते, चिंध्या कोंबल्या जातात, आणि थोड्या दिवसांत नळी खिळ्याला टांगलेली राहते आणि काम पुन्हा उघड्यावर सुरू होतं. हौशी सुतारांच्या ज्या खोल्या मी पाहिल्या, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी हेच दिसलं. मोटार किती हॉर्सपॉवरची, फिल्टर कुठला, यावर माणसं भरभरून बोलतात. नळी यंत्राला जिथे मिळते त्या चार इंचांबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते मात्र सगळा निकाल तिथेच लागतो.

पुण्यात आमच्या घराच्या तळमजल्यावर गाडीसाठी बांधलेली दहा बाय बारा फुटांची खोली आहे. गाडी बाहेर उभी राहते आणि खोलीत मी काम करते. टेबल सॉ, लहान बँड सॉ, थिकनेसर, राउटर बसवलेलं टेबल आणि हातात धरायची यंत्रं एवढा माझा संसार. हे काम मला शिकवलं आमच्या भागातल्या एका जुन्या सुतारांनी. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. मामांचं निम्मं आयुष्य हातरंध्यावर गेलं. हातरंध्यातून ढलपी निघते, गुंडाळत वर येते आणि पायाशी पडते. झाडूनं गोळा केली की संपलं. पुढे कामावर यंत्रं आली, प्लाय आणि एमडीएफ आलं, आणि ढलपीच्या जागी पीठ उडायला लागलं. मामा तोंडाला पंचा बांधून सँडर चालवायचे. काम संपल्यावर पंचा सोडला की त्याची बाहेरची बाजू पिवळी झालेली असायची, आणि आतलीही.

लाकूड नैसर्गिक, त्याच्या भुशानं काय होणार, असं म्हणणारे आजही भेटतात. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं फर्निचरचं गाव आहे. तिथल्या कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे रुग्ण फर्निचरच्या कारखान्यांतून येतात. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख १९६८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या खंडात लाकडाची धूळ पहिल्या गटात घातली, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. शिसव आणि साग ही आपली आवडती लाकडं. दोन्हींच्या भुशानं काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, आणि श्वासाचा त्रास होऊ शकतो. एमडीएफच्या धुळीत लाकडाच्या जोडीला फॉर्मल्डिहाइडची राळही असते.

ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागेतली मर्यादा आठ तासांच्या सरासरीनं दर घनमीटर हवेत ३ मिलिग्रॅम आहे. हा आकडा नुसता वाचला तर काहीच कळत नाही. मी तो माझ्या खोलीला लावून पाहिला. दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. तिच्यात मिळून धूळ किती चालेल, तर साधारण १०० मिलिग्रॅम. एका ग्रॅमचा दहावा भाग! सँडरखाली एक मध्यम फळी घासली तरी त्याच्या कितीतरी पट पीठ निघतं. त्यातलं जाड पीठ खाली बसतं, पण जे डोळ्यांना दिसतही नाही ते तासन्‌तास हवेत तरंगत राहतं आणि तेच फुप्फुसात खोल जातं. म्हणून काम झाल्यावर झाडून घेण्याला फारसा अर्थ नाही. धूळ निघाली तिथेच, पात्याच्या किंवा घासपेपरच्या कडेला पकडली तरच पकडली.

आता पकडायची कशानं? घरच्या खोलीत दोन तऱ्हेची यंत्रं येतात आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. व्हॅक्यूम क्लीनर थोडी हवा ओढतो, पण फार जोरानं; त्याची ओढ पाण्याच्या दोनेक मीटर उंचीच्या स्तंभाइतकी भरते. डस्ट कलेक्टरचा पंखा मोठा, हवा भरपूर ओढतो, पण जोर पाण्याच्या वीस-पंचवीस सेंटीमीटर स्तंभाइतकाच. त्यामुळे व्हॅक्यूमची नळी बारीक झाली तरी तो निभावून नेतो. डस्ट कलेक्टरच्या वाटेत बारीक जोड आला की तो तिथेच हरतो. शंभर मिलिमीटर नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ ७८ चौरस सेंटीमीटर, पन्नासच्या नळीचं २० सुद्धा नाही. व्यास निम्मा करून तेवढीच हवा न्यायची म्हटली तर घर्षण बत्तीस पट होतं. दुकानात मिळणारा चार इंचांचा दोन इंच करणारा रिड्यूसर डस्ट कलेक्टरला लावून त्यापुढे सँडर जोडणं म्हणूनच व्यर्थ आहे. हातातली यंत्रं व्हॅक्यूमला, उभी यंत्रं डस्ट कलेक्टरला. ही वाटणी आधी पक्की करावी.

उभ्या यंत्रांची गोष्ट आधी सांगते, कारण आपल्याकडच्या बाजारात खरी गंमत तिथे आहे. परदेशी धाटणीच्या यंत्रांची तोंडं चार इंची, म्हणजे बाहेरून १०० मिलिमीटरच्या आसपास. त्यावर बसणारी लवचीक नळी मिळते, ती आतून १०१-१०२. यंत्र आणि नळी यांचं त्यामुळे जमतं. पण खोलीभर लवचीक नळीच फिरवणं चांगलं नाही. तिच्या आतल्या वळ्यांमुळे घर्षण गुळगुळीत पाइपच्या दुपटी-तिपटीनं वाढतं. मुख्य वाट पीव्हीसी पाइपची हवी आणि लवचीक नळी शेवटच्या थोड्याच भागापुरती. आणि आपला पाइप तर मिलिमीटरच्या मापात, बाहेरच्या व्यासावर विकला जातो: ७५, ९०, ११०, १६०. सांडपाण्याच्या एसडब्ल्यूआर पाइपमधला ११० चा घेतला तर तो चार इंची नळीत शिरत नाही. ९० चा घेतला तर आत खडखडतो. ९० वर चिंध्या गुंडाळून नळी चढवणारे बरेच आहेत, पण त्यात वाट अरुंद होते आणि ते मला पटत नाही.

यावरचा तोडगा मला शेतावरच्या पाइपलाइनवरून सुचला. शेतकरी पाइपाच्या टोकाला शेक देतात, ते मऊ झालं की दुसऱ्या पाइपावर चढवतात, थंड झालं की जोड तयार. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे उकळतं पाणी पुरतं. जाळावर धरायचं कारण नाही आणि धरूही नये. करपलेल्या पीव्हीसीचा धूर आम्लाचा असतो. मला टोक फुलवायचं नव्हतं, मिटवायचं होतं. ११० च्या पाइपाचा बाहेरचा घेर आणि १०२ चा घेर यांत फरक पडतो २५ मिलिमीटरचा. पाइपाच्या टोकाशी २५ मिलिमीटर रुंद आणि आत पंधरा सेंटीमीटरवर शून्याला मिळणारी अशी पाचर आखायची आणि बारीक दातांच्या आरीनं कापून काढायची. मग ते टोक मोठ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात धरायचं. जाड हातमोजे हवेतच. पाइप मऊ झाला की हाताला तो चामड्यासारखा लागतो. त्या क्षणी तो बाहेर काढून ९७ मिलिमीटर व्यासाच्या लाकडी ठोकळ्यावर दोन्ही कडा एकमेकींना भिडतील असा दाबायचा, बाहेरून पट्टा आवळायचा आणि गार पाण्यात सोडायचा. पट्टा सोडला की हातात शंकूसारखं निमुळतं टोक येतं. चिरेत सॉल्व्हंट सिमेंट, वरून एम-सील. नळी त्यावर सुरुवातीला सहज सरकते आणि पुढे घट्ट होत जाते. आतली कड मात्र चाकूनं तिरपी करून घ्यावी. हवा नळीतून पाइपात जाते तेव्हा ती कड प्रवाहाला आडवी येते, आणि थिकनेसरची लांब ढलपी अशा कडेलाच अडकते. तिच्यामागे दुसरी, तिसरी, आणि वाट बुजते.

ठोकळा मी घरीच कातला. सुताराला अशा वेळी कुणाकडे जावं लागत नाही, हे या कामातलं मोठं सुख.

पण एवढ्यानं नळी एका जागी बसली. यंत्रं चार, नळी एक. ती या यंत्रावरून त्या यंत्रावर क्षणात हलली पाहिजे, नाहीतर माणूस ‘एवढ्या एका कापाला कशाला’ म्हणून ती लावतच नाही. मामांनी मला हे फार नेमकं सांगितलं होतं. मी त्यांना एकदा म्हटलं, “मामा, सँडरला व्हॅक्यूम का नाही लावत? ठेकेदाराकडे आहे ना?” ते म्हणाले, “आहे ताई. पण ती पट्टी गुंडाळा, ती सोडा, यात वेळ जातो. काम अंगावर घेतलेलं असतं. वेळ गेला की आमचाच रोज बुडतो.” यात आळस कुठे आहे? रोजंदारीचा सरळ हिशेब आहे. जो जोड लावायला दोन हात, स्क्रू ड्रायव्हर आणि पाच मिनिटं लागतात, तो जोड कागदावर कितीही हवाबंद असो, कामाच्या जागी तो नसल्यातच जमा आहे.

म्हणून मी एक नियम धरला: यंत्र बदललं म्हणून नळीला काही चढवायचं नाही. जे काही अडॅप्टर, कॉलर, रिंग लावायची ती यंत्राला, आणि कायमची. सगळ्या उभ्या यंत्रांच्या तोंडावर मी ११० च्या पाइपाचा वीतभर तुकडा बसवला आहे. ११० चा पाइप आतून सुमारे १०५ भरतो आणि यंत्राचं तोंड बाहेरून १००. मधली दोन-अडीच मिलिमीटरची फट रबरी शीटच्या पट्टीनं आणि सिलिकॉननं भरली. नळीच्या टोकाला शंकू, आणि शंकूच्या दुसऱ्या बाजूला ११० चा कपलर चिकटवलेला. या कपलरचं उघडं तोंड मात्र कोरडं ठेवायचं, त्याला सिमेंट नाही. तो यंत्रावरच्या तुकड्यावर ढकलून थोडा पिळला की बसतो, उलटा पिळला की सुटतो. हे कपलर दोन तऱ्हेचे मिळतात: रिंगफिट आणि सेल्फिट. रिंगफिटमधली रबरी रिंग इतकी घट्ट धरते की एका हातानं सुटत नाही. या कामाला सेल्फिटच बरा. शिवाय जुळणीची दिशाही आपोआप योग्य येते. वरच्या अंगाचा पाइप खालच्या अंगाच्या तोंडात शिरतो, म्हणून या सांध्यांत ढलपीला अडायला कड मिळत नाही.

यंत्राला कायमचं सिलिकॉन लावायचं नसेल, दुरुस्तीसाठी ते काढावं लागणार असेल, तर आणखी एक युक्ती आहे. यंत्राच्या तोंडाला व्हॅसलिन चोळायचं, पाइपाच्या तुकड्याच्या आतून सिलिकॉनचा जाड थर द्यायचा आणि तुकडा तोंडावर सरळ बसवून दुसऱ्या दिवसापर्यंत सोडून द्यायचं. मग पिळून काढला की सिलिकॉन पाइपाला चिकटलेलं राहतं आणि तोंडावरून अलगद सुटतं. त्या एका तोंडासाठीच जन्मलेलं गॅस्केट तयार होतं. तोंड थोडं लंबगोल असलं, ओतकामात वाकडं आलेलं असलं, तरी बसतं. बाजारातलं कुठलंही अडॅप्टर इतकं चपखल बसलेलं मी पाहिलेलं नाही.

हातातल्या यंत्रांची तऱ्हा निराळी. तिथे सँडरचं तोंड कुणाचं २८, कुणाचं ३२, कुणाचं ३५-३६, आणि खोक्यावर लिहिलेलं माप आतलं की बाहेरचं हे बहुधा लिहिलेलंच नसतं. तोंड निमुळतंही असतं. म्हणून व्हर्निअरनं दोन ठिकाणी मोजावं, अगदी कडेला आणि दोन सेंटीमीटर आत. माझ्या व्हॅक्यूमच्या नळीचं टोक आतून ३५ आहे. प्रत्येक हातयंत्रासाठी मी सागाचा एकेक कॉलर कातला: आतून त्या यंत्राच्या मापाचा, बाहेरून सगळ्यांचा सारखा, ३५ ला किंचित निमुळता. साग घेतला तो मुद्दाम. आंब्याचं लाकूड कातायला गोड, पण पावसाळ्यात फुगतं. जुलैत त्याचा कॉलर नळीत असा रुतून बसतो की निघता निघत नाही. साग ओलाव्याला कमी हलतो. वरून शेलॅकचे दोन हात दिले की झालं. ज्यांच्याकडे लेथ नाही त्यांनी थ्रीडी प्रिंट करून घ्यावा. आता लहान शहरांतही ते करून मिळतं. फक्त पीएलए प्लास्टिक ६० अंशांजवळ मऊ पडतं, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत तो कॉलर विसरू नये. आणि काहीच जमत नसेल तर पंक्चरवाल्याकडे जावं. जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा दोन वेगळ्या मापांच्या तोंडांवर ताणून बसतो आणि चांगली हवा धरतो. रबर वर्षा-दोन वर्षांत चिरतं, तेव्हा बदलावं. चिकटपट्टी तेवढी नको. पुण्याच्या एप्रिलमध्ये तिचा गोंद ओघळतो आणि भुसा त्यालाच बसतो.

सँडरला नळी लावली की आणखी एक तक्रार येते: हात जड होतो. ही तक्रार खरी आहे. ताठ नळी सँडरची मागची बाजू ओढते, सँडर तिरका होतो आणि लाकडावर गोल ओरखडे उठतात. त्याला उपाय वर आहे, छतात. आपल्या घरांतून छताला पंख्याचा हूक असतोच. त्यातून सुतळी सोडून नळी खांद्याच्या उंचीवर टांगली, आणि टांगलेल्या जागेपासून सँडरपर्यंत अडीच-तीन हात सैल ठेवली, की वजन हाताला लागत नाही. जोडही फिरता हवा. सागाचा कॉलर नळीत थोडा फिरतो, म्हणून नळीला पीळ पडत नाही.

आता गळतीबद्दल, कारण इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. पाण्याचा पाइप गळला की खाली ओल दिसते. भुशाच्या पाइपात आत ओढ असते, त्यामुळे जोड सैल असला तरी बाहेर काहीच सांडत नाही. उलट बाहेरची हवा त्या फटीतून आत घुसते. जोडापाशी सगळं स्वच्छ दिसतं, डस्ट कलेक्टर जोरात घोंघावतो, आणि करवतीच्या पात्यापाशी मात्र ओढ उरत नाही, कारण पंख्यानं ओढलेली हवा वाटेतच भरून निघालेली असते. म्हणजे गळती एका जागी आणि भुसा दुसऱ्याच जागी. ही गळती शोधायला देवघरातली उदबत्ती पुरते. आधी खोली झाडून भुसा बाहेर टाकायचा, पिशवी रिकामी करायची आणि छताचा पंखा बंद ठेवायचा. मग डस्ट कलेक्टर चालू करून पेटती उदबत्ती प्रत्येक जोडाभोवती हळूहळू फिरवायची, टोक मात्र नळीच्या उघड्या तोंडाजवळ न्यायचं नाही. निखारा आत गेला तर पिशवीतल्या भुशात आग लागू शकते. जोड पक्का असेल तिथे धूर सरळ वर जातो. सैल असेल तिथे धुराची रेघ वाकते आणि एका ठिकाणी बारीक होऊन आत नाहीशी होते. माझ्या खोलीत हे सगळ्यात जास्त दिसलं ते जोडांवर नव्हे, गोळा करायच्या बादलीच्या झाकणावर. फिल्टरच्या आधी हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारा सायक्लोन असतो; त्याच्याखाली रंगाची वीस लिटरची बादली ठेवण्याची पद्धत आहे. तिच्या झाकणातून थोडी जरी हवा शिरली तरी खाली पडलेला भुसा पुन्हा वर उचलला जातो आणि थेट फिल्टरला जाऊन बसतो. झाकणाला फोमची पट्टी आणि चार बाजूंनी आवळणाऱ्या कड्या हव्यातच.

नळीवरच्या क्लिपेचंही असंच. गाडीच्या रेडिएटरला असते तशी साधी होज क्लिप या नळीवर नीट बसत नाही. नळीत तारेचा मळसूत्री वेढा असतो. क्लिपेची सपाट पट्टी त्या तारेवर चढते आणि तिच्या दोन्ही बाजूंना फट राहते. मळसूत्राच्या तिरपेपणाला जुळणारी ब्रिज क्लिप मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर नळीचं टोक तारेच्या दिशेनं कापून घ्यावं, शेवटचा अर्धा वेढा तार काढून टाकावी आणि क्लिप त्या मोकळ्या प्लास्टिकवर आवळावी. तार काढताना तिचं टोक आत वळवून ठेवायचं, नाहीतर ते बोट फाडतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत गेलात तर दुकानदाराला ‘सक्शन होज’ सांगून भागत नाही. तो विहिरीच्या पंपाचा ताठ पाइप पुढे करतो. तो पाइप आतून गुळगुळीत असतो, एका जागी कायम बसवायला चांगला, पण हलवायच्या नळीला निरुपयोगी. भुशासाठी तारेची डक्ट होज मागायची, पीयूची मिळाली तर अधिक टिकते.

तारेचा आणखी एक उपयोग आहे. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत भुसा नळीतून घासत जातो आणि नळीवर स्थिर विद्युत साठते. हात लागला की झटका बसतो. जिवाला धोका नसतो, पण पात्याजवळ हात दचकणं वाईटच. नळीतली तार दोन्ही टोकांना थोडी उघडी करून यंत्राच्या लोखंडी भागाला टेकवली आणि यंत्राचं अर्थिंग नीट असलं की झटके थांबतात. पावसाळ्यात हा प्रश्नच नसतो.

मोठ्या जोडाबद्दल बोलताना अमेरिकेतल्या बिल पेंट्झ यांचं नाव घेतलंच पाहिजे. हे हौशी सुतार लाकडाच्या धुळीनं गंभीर आजारी पडले, आणि मग त्यांनी घरच्या कामासाठी सायक्लोनची रचना अभ्यास करून बसवली आणि सगळ्यांसाठी खुली केली. घरगुती यंत्रांची तोंडंच मुळात लहान असतात, चार इंचही पुरत नाहीत, सहा इंच हवेत, असं त्यांचं म्हणणं. दहा बाय बाराच्या खोलीत मला सहा इंची पाइप आणि त्याला पुरेल असा पंखा परवडला नाही. पण त्यांचं म्हणणं मी बँड सॉला लावलं. त्याच्या खालच्या दाराला कारखान्यातून दोन-अडीच इंचांचं तोंड होतं, तेही पात्यापासून दूर. टेबलाच्या अगदी खाली, पातं जिथून भुसा खाली फेकतं तिथे पत्र्याला मोठं भोक पाडून ११० चा तुकडा बसवला. बँड सॉच्या खालच्या चाकावर भुशाचा जो थर बसायचा, तो आता बसत नाही. टेबल सॉच्या पोटात मात्र सगळ्या फटी बुजवू नयेत. आत हवा यायला वाट राहिली नाही तर बाहेर जायला हवा कुठून येणार? पात्याच्या फटीखेरीज मागे एक हातभर लांबीची चीर मी मोकळी ठेवली आहे.

फिल्टरबद्दल थोडंच सांगते. व्हॅक्यूम क्लीनरना युरोपात एल, एम, एच असे वर्ग आहेत. एल वर्गातून १ टक्क्यापर्यंत धूळ परत बाहेर जाऊ शकते, एममधून ०.१ टक्का, एचमधून त्याहून बरीच कमी. साध्या व्हॅक्यूममधून ही बारीक धूळ आपल्याच तोंडावर परत येते. थंड देशांत खोलीतली गरम केलेली हवा वाया जाऊ नये म्हणून ती गाळून आतच सोडतात. आपल्याकडे तो प्रश्न नाही. शेजाऱ्यांच्या खिडकीकडे तोंड नसेल, तर डस्ट कलेक्टरची हवा सरळ बाहेर सोडावी.

वाचणाऱ्यांपैकी थोडेच घरी सुतारकाम करत असतील, पण पुष्कळांच्या घरी कधी ना कधी फर्निचरचं काम निघतं. चार-सहा आठवडे बंद फ्लॅटमध्ये मिस्त्री आणि त्यांची पोरं प्लाय कापतात, लांबी घासतात. खिडक्या बहुधा बंद, कारण शेजारी धुळीची तक्रार करतात. त्या काळात भुसा आपल्याही घरात मुरतो, पण त्यांच्या छातीत जातो तो रोजचा. मामांना आता जिना चढताना थांबावं लागतं, तरी ते कामावर जातात. त्यांच्या सँडरसाठी मी सागाचा कॉलर कातून दिला आणि व्हॅक्यूमही त्यांच्याकडेच ठेवला आहे. एका पिळात नळी बसते, म्हणून ते ती लावतात.

तुमच्याकडे काम निघालं तर ठेक्याची बोलणी करतानाच व्हॅक्यूम आणि त्याची नळी लावण्याची अट घाला, आणि त्यासाठी लागणारा वेळ मजुरीत धरा. ठेकेदाराकडे व्हॅक्यूम नसेल तर भाड्यानं आणून द्या. मिस्त्रींच्या सँडरला बहुधा छोटी कापडी पिशवी लावलेली असते. ती पिशवी ओढून काढली की खाली नळीचं तोंड असतं. ते व्हर्निअरनं मोजा, त्या मापाचा कॉलर करून घ्या आणि काम सुरू व्हायच्या आधी मिस्त्रींच्या हातात द्या.